हातचा कोठून आणायचा?

(तृतीय वर्ष कला)

आपण कला शाखेकडे का आलो, या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात आजवर अनेकांनी दिले आहे. कोणी साहित्याची ओढ सांगतो, कोणी इतिहासाचे वेड सांगतो, तर कोणी स्पर्धा परीक्षांचे नाव पुढे करतो. मी मात्र खरे तेच सांगणार आहे. मी गणिताला भिऊन कला शाखेला आलो. नववीपर्यंत गणिताच्या तासाला मागच्या बाकावर मान खाली घालून बसणे एवढेच माझे गणित होते. माझ्या सुदैवाने २०२१ साली दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली आणि मी सुटलो. आपल्या वर्गात माझ्यासारखे आणखी किती असतील, याची गणना मी केलेली नाही. गणना हा आपला प्रांतच नव्हे! पण ते पुष्कळ असावेत, असा माझा अंदाज आहे.

अशा माणसाने गणिताच्या अध्यापनावर मत मांडावे, हे अनेकांना हास्यास्पद वाटेल. तरीही मी ते मांडणार आहे, कारण गणित न येणाऱ्या मुलाला गणित कसे शिकवावे याचा विचार ज्यांना गणित सहज येते तेच आजवर करीत आले आहेत, आणि तेथेच कोठेतरी चुकते आहे असे मला वाटते.

गोष्ट २०२३ च्या दिवाळीनंतरची. माझी ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात आमचे गाव आहे. तिची थोरली मुलगी तेव्हा चौथीत होती. तिला दुसऱ्या सत्रापुरते आमच्याच गावच्या शाळेत घातले. मुलगी गोड, बोलकी. गोष्टीची पुस्तके भराभरा वाचणारी. परंतु सकाळ झाली की तिच्या पोटात दुखू लागे. हे दुखणे रविवारी नसे. थोड्याच दिवसांत तिच्या वहीवर लाल शाईत शेरा आला : ‘गणितात अत्यंत कच्ची. पालकांनी लक्ष द्यावे.’

घरात ‘लक्ष देणारे’ म्हणजे मीच. मी तेव्हा प्रथम वर्षात होतो आणि दुपारनंतर मोकळा असे. पहिल्याच दिवशी मी तिला वजाबाकी घातली, बावन्न वजा सत्तावीस. तिने उत्तर लिहिले पस्तीस. मी दुसरे उदाहरण घातले, तेही चुकले. तिसरेही चुकले. पाचव्या उदाहरणाला माझा तोल सुटला. ज्या शब्दांनी मला लहानपणी रडवले होते, नेमके तेच शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले : “एवढंसुद्धा येत नाही? पहिलीतली पोरं करतात हे!”

ती रडली नाही. पेन्सिलीचे टोक पाहत हळूच म्हणाली, “मला पहिली झालीच नाही, मामा.”

मी हिशेब केला आणि मलाच शरम वाटली. ही मुलगी २०२० साली पहिलीत गेली होती. त्या वर्षी शाळेला कुलूप होते. ताईच्या घरी एकच मोबाइल, तोही भाऊजींबरोबर कामावर जाणारा. दुसरीचेही बरेचसे वर्ष तसेच गेले. वाचन तिला आजीने घरी शिकवले. गणित कोणीच शिकवले नाही. मग एक दिवस शाळा उघडली, आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात तिला तिसरीचे पुस्तक हातात देण्यात आले. पायऱ्याच नसलेल्या घराच्या माडीवर मुलगी उभी आहे, आणि आपण खालून ओरडतो आहोत, ‘अगं, अजून वर चढ!’

अशी ही एकटीच नव्हे. ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करणारा ‘असर’ अहवाल आपल्या परिचयाचा आहे. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे पाचवीच्या मुलांना जमते का, हे त्यात पाहिले जाते. २०२२ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण पाचवीच्या चार मुलांपैकी जेमतेम एकाला ते जमत होते. महामारीपूर्वी, २०१८ सालीही हे प्रमाण फारसे बरे नव्हते. म्हणजे सगळा दोष बंद शाळांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. चारातली तीन मुले ‘ढ’ असणे शक्य आहे काय? तसे नसेल, तर दोष मुलांबाहेर कोठेतरी शोधायला हवा.

दुसऱ्या दिवशी मी वही बाजूला ठेवली आणि तिला एवढेच विचारले, “काल पस्तीस कसे आणलेस, सांग बघू.” तिने सांगितले, आणि मी थक्क झालो. तिच्याजवळ एक नियम होता : मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. पाचातून दोन गेले, तीन. सातातून दोन गेले, पाच. झाले पस्तीस! कोणता अंक वर आहे आणि कोणता खाली, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. पाचही उदाहरणे तिने याच नियमाने, अगदी इमानाने सोडवली होती. मी ज्याला निष्काळजीपणा समजत होतो, तो निष्काळजीपणा नव्हता. तिला कोणी नियमाचे कारण सांगितले नव्हते, म्हणून तिने स्वतःचा एक नियम तयार केला होता.

मी म्हणालो, “अगं, दोनातून सात जात नाहीत. हातचा घ्यायचा.” तिने आपला तळहात उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “हातात तर काहीच नाही. हातचा कोठून आणायचा?”

हा विनोद नव्हता. मला स्वतःला ‘हातचा’ घेता येत होता, परंतु तो कोठून येतो हे मलाही कोणी कधी सांगितले नव्हते. शेजारच्या अंकावर काट मारायची, एक कमी करायचा, इकडे एक लिहायचा. एवढा मंत्र मला पाठ होता, आणि मंत्र विसरला की माझेही गणित संपत होते.

मग मी तिच्याबरोबर एक-एक पायरी खाली उतरू लागलो. आजीने वाळवून ठेवलेले चिंचोके घेतले. आठ चिंचोके आणि पाच चिंचोके किती? ती ‘एक’पासून मोजू लागे. आठ मोजून झालेले असूनही आठच्या पुढे मोजावे, हे तिला ठाऊक नव्हते. आठ म्हणजे पाच आणि तीन, आठ म्हणजे दहाला दोन कमी, हे तर दूरच राहिले. तिच्या लेखी आठ हा नुसता एक शब्द होता. तळ सापडला तो येथे, पहिलीच्या पहिल्या तिमाहीत. चौथीच्या मुलीला येथून सुरुवात करायची म्हणजे अपमानच, असे ताईलाही वाटले. ती म्हणाली, “अरे, तिची परीक्षा भागाकाराची आहे आणि तू चिंचोके खेळत बसलायस!” परंतु मला दुसरा मार्ग दिसत नव्हता.

येथे आपल्या मायबोलीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुलीला ‘त्रेपन्न’ लिही म्हटले की ती ३५ लिही. ‘पंचवीस’ म्हटले की ५२. याचे कारण शोधायला लांब जायला नको. त्रेपन्न म्हणताना आपण आधी तीन उच्चारतो आणि मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच लिहितो आणि मग तीन. कान एक सांगतो, हात दुसरे करतो. एकोणपन्नासात तर नऊ ऐकूच येत नाही, उलट पन्नास ऐकू येतात! आमच्या भागात कानडी बोलणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या भाषेत वीस आधी आणि एक नंतर येतो. त्यामुळे कानाने ऐकलेल्या क्रमानेच त्यांना लिहिता येते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उडाला होता! मराठी बुडाली, अशी ओरड झाली. त्या समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही अडचण शांतपणे समजावून सांगितली होती. ‘गणितगप्पा’ लिहून मुलांना गणिताची गोडी लावणाऱ्या या विदुषी २०२३ च्या जुलैमध्ये आपल्यातून गेल्या. मला स्वतःला ‘त्र्याण्णव’ हा शब्द आवडतो आणि तो मराठीतून जाऊ नये असेच वाटते. पण माझ्या भाचीला मी काही दिवस ‘पन्नास तीन, म्हणजेच त्रेपन्न’ असे दोन्ही म्हणायला लावले. महिनाभरात उलटे लिहिणे पुष्कळच कमी झाले. मराठी काही बुडाली नाही.

आता आजोबांचा आक्षेप. ते म्हणाले, “हे चिंचोके-बिंचोके कशाला? आम्हाला पावकी, निमकी, औटकी मुखोद्गत होती. पाढे पाठ कर म्हणावं, गणित आपोआप येतं.” आजोबांची औटकी आजही खणखणीत आहे, आणि पाठांतराचा मी शत्रू नाही. पाढे हवेतच. परंतु आजोबा एक गोष्ट विसरतात. १९५७ साली दशमान नाणी आली, तरी त्यांच्या लहानपणी बाजारात आण्यांचा हिशेब चालूच होता. पावकी म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर रुपयातले चार आणे होते. औटकी ही साडेतीनाची पट, आणि तिचा उपयोग त्यांच्या वडिलांच्या धान्याच्या व्यवहारात रोज होई. पाठांतरामागे वस्तू उभी होती. आज आपण मुलाकडून नुसते पाठांतर मागतो आणि वस्तू काढून घेतो. मग सात आठे छप्पन्न हे मुलाला कवितेच्या ओळीसारखे पाठ होते, पण सात रुपयांना एक याप्रमाणे आठ वह्यांचे किती, याचे उत्तर देता येत नाही.

आमचा क्रम असा होता. रोज वीसच मिनिटे बसायचे. घड्याळ लावून पळवायचे नाही, आणि ती कंटाळण्याआधी थांबायचे. पहिले तीन आठवडे फक्त दहाच्या जोड्या : सात आणि तीन, सहा आणि चार. चिंचोके मुठीत लपवून ‘माझ्या मुठीत किती?’ असा खेळ. त्यानंतर काडेपेटीतल्या काड्या. दहा काड्या झाल्या की रबर लावून जुडगा करायचा. बावन्न म्हणजे पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या. हे हाताला पक्के होईपर्यंत पेन्सिल उचलायची नाही.

एके दिवशी मी तेच जुने उदाहरण तिच्यापुढे ठेवले. बावन्न काड्या आहेत, त्यांतल्या सत्तावीस मला दे. तिने दोन जुडगे दिले. सात सुट्या द्यायच्या, पण तिच्याजवळ दोनच होत्या. ती थबकली. काड्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. (गप्प बसणे हेच शिकवणाऱ्याचे सर्वांत कठीण काम आहे, हे मला त्या दिवशी कळले.) मग तिने एका जुडग्याचे रबर काढले, काड्या सुट्या केल्या, सात मोजून माझ्या हातात दिल्या आणि एकदम ओरडली, “मामा, हातचा म्हणजे सोडलेला जुडगा!”

त्या दिवशी वजाबाकी तिला समजली. आणि वाचकहो, लाज सोडून सांगतो, मलाही समजली.

त्यानंतर काड्यांच्या जागी दहाच्या नोटा आणि रुपयांची नाणी आली. मग आठवड्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीचे आणि वांग्याचे पैसे तिने द्यायचे आणि उरलेले मोजून घ्यायचे. मग कागद आला. शेवटी एक खेळ आला. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव जगभरच्या गणितज्ञांना माहीत आहे. त्यांचा शोध असा : कोणतेही चार अंक घ्या, मात्र सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा आणि वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केले की ६१७४ येतेच. ३५२४ घेऊन पाहा : ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. ८७३० वजा ३७८ बरोबर ८३५२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४! जी मुलगी एका वजाबाकीला रडकुंडीला येई, ती ६१७४ येते की नाही हे पाहण्यासाठी एका बैठकीत दहा-दहा हातच्यांच्या वजाबाक्या करू लागली. सक्तीने हा सराव तिच्याकडून मी कधीच करून घेऊ शकलो नसतो.

मी यशाची पोवाडेगिरी करीत नाही. ती वार्षिक परीक्षेत पहिली आली नाही. भागाकार तिला त्या वर्षी जेमतेमच जमला. आज ती सहावीत आहे, आणि अपूर्णांक आले की अजूनही चाचपडते. परंतु पोटात दुखणे थांबले. ‘मला येत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘मला इथपर्यंत येतं, इथून पुढे सांग’ असे ती म्हणते. या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे मागच्या बाकावर बसलेल्यांना कळेल.

शिक्षकांना दोष देऊन मला थांबायचे नाही. शेरा लिहिणाऱ्या बाईंना मी नंतर भेटलो. त्यांच्या एका खोलीत दोन इयत्ता बसत होत्या आणि अभ्यासक्रम ठरल्या तारखेला संपवायचा होता. त्या म्हणाल्या, “मला दिसतं रे कोण मागे राहिलंय, पण मागे जायला वेळ कुठून आणू?” त्यांनाही हातचा मिळत नव्हता.

आणखी एक खबरदारी सांगणे अवश्य आहे. सगळीच मुले शाळा बुडाल्याने अडकत नाहीत. काही मुलांच्या मेंदूला संख्येचे आकलनच कठीण जाते. बुद्धी उत्तम, वाचन उत्तम, परंतु दोन राशींतली मोठी कोणती हे एका दृष्टीत कळत नाही, आणि कितीही सराव केला तरी काल आलेले आज पुसले जाते. याला ‘डिस्कॅल्क्युलिया’ म्हणतात. लाडिस्लाव कोश्च या स्लोव्हाक मानसशास्त्रज्ञाने १९७४ सालीच त्याची व्याख्या केली होती. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेत त्याचा स्पष्ट समावेश झाला. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी याची तपासणी होते, आणि प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. गावाकडे हे फार थोड्यांना ठाऊक असते. तळापासून, धीराने, काही महिने शिकवूनही मूल जागचे हलत नसेल, तर त्याला तपासणीस नेले पाहिजे. ते आळशी आहे असे ठरवून मारणे हा गुन्हा आहे. मात्र तळापासून शिकवून न पाहताच प्रत्येक कच्च्या मुलावर आजाराचे लेबल चिकटवणे हाही अन्यायच होय.

आता माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. गणितात अडलेल्या मुलाला ‘आणखी सराव कर’ हे सांगणे म्हणजे वाट चुकलेल्याला ‘आणखी वेगाने चाल’ असे सांगणे होय. आधी ते कोठे अडले ते शोधा. चुकीचे उत्तर खोडण्यापूर्वी ‘कसे केलेस?’ असे विचारा. आणि ते जेथे अडले असेल तेथपर्यंत त्याच्याबरोबर खाली उतरा, ती पायरी पहिलीची असली तरी. खाली उतरण्यात मुलाला कमीपणा वाटत नाही. तो आपल्याला वाटतो.

हे काम करण्यास कोण योग्य? येथे मी माझ्या वर्गमित्रांकडे पाहतो. ज्याला गणित सहज आले, त्याला पायऱ्या आठवत नाहीत, कारण तो त्या धावत चढून गेला. आम्ही प्रत्येक पायरीवर पडलो आहोत. पाय कोठे घसरतो हे आमच्याइतके कोणाला ठाऊक? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, आणि आपले महाविद्यालयही दरवर्षी सात दिवसांचे शिबिर घेते. आपण चर खणतो, गाव झाडतो, पथनाट्य करतो. ही सारी कामे चांगलीच आहेत. पण त्याच गावच्या शाळेत प्रत्येकी दोन मुले घेऊन, चिंचोके आणि काड्या घेऊन, आपण रोज तासभर बसलो तर? आणि शिबिर संपल्यावरही आठवड्यातून एकदा जात राहिलो तर? सात दिवसांत कोणाला भागाकार येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्या मुलाला कोणीतरी प्रथमच ‘कसे केलेस?’ असे विचारलेले असेल. त्यासाठी पदवी लागत नाही, अनुदान लागत नाही, विज्ञान शाखाही लागत नाही.

माझी नावनोंदणी या अंकाच्या संपादकांकडे आजच करीत आहे. काड्यांची आणि रबरांची जबाबदारी माझी. चिंचोके आजी देणार आहे.